दोन साखरांमधला थांबा

पॅरिस, एक्केचाळीसचा जानेवारी.
कोळसा संपलाय. पोटमाळ्यावरच्या प्रयोगशाळेत
ऊब फक्त एका कपाटात, सदतीस अंश,
आणि तीही जंतूंसाठी राखीव.
आनाइक ल गॉफ काचेची भांडी धुते,
मग हात वाळवायच्या निमित्तानं
कपाटाचं दार
गरजेपेक्षा जरा जास्त वेळ उघडं ठेवते.

तिचं काम मुळात धुण्याचं.
पण मोजणारा पोरगा जर्मनांच्या कैदेत गेला
तेव्हापासून दर पंधरा मिनिटांनी
चंबूतल्या रश्शाचा गढूळपणा तीच पाहते.
जितका गढूळ, तितके जीव.
वहीत आकडे मांडते, वाण्याच्या उधारीसारखे,
एकाखाली एक.

रश्शात दोन साखरा आहेत :
एक द्राक्षाची, एक दुधाची.
साखरेचं खाणार त्याला देव देणार, असं म्हणतात.
इथं देवाच्या जागी तिकीट आहे,
माणशी महिन्याला अर्धा किलो,
तेही दुकानात आली असेल तर.
द्राक्षाची साखर कुलपात असते.
दुधाची फारशी गोड नसते,
आनाइकनं बोट लावून पाहिलंय.

आकडे चढतात. चढतात.
सव्वाचारला थांबतात.
साडेचार, तोच आकडा. पावणेपाच, तोच.
पाच वाजून गेल्यावर पुन्हा चढू लागतात,
जणू मध्ये काही झालंच नाही.

मस्यू तेवनो म्हणाले, डोळा लागला असेल तुमचा.
ती काही बोलली नाही.
दुसऱ्या दिवशी संचारबंदीआधी घरी गेलीच नाही,
तीन ओव्हरकोट अंगावर घेऊन रात्रभर मोजत बसली.
थांबा तिथंच होता.
एका साखरेच्या शेवटी, दुसरीच्या आधी,
सपाट,
समुद्राला ओहोटी लागून पाणी स्थिर होतं तसा.

सकाळी तेवनो वहीवर वाकले, बराच वेळ.
मग तिनं सांगितलं, घाबरत :
आमच्याकडे सार्डिनचा हंगाम संपला
की आई चुलीपुढे थोडा वेळ नुसती उभी राहायची.
मग कोपऱ्यातलं काळ्या गव्हाचं पोतं सोडायची.
एका अन्नावरून दुसऱ्यावर
कुणी लगेच जात नाही, मस्यू.
हात आधी विसरायला लागतात.

ते हसले.
मग हसायचे थांबले.

पुढचं तिला कुणी कळवलं नाही.
वीस वर्षांनी ठरलं की जिवाच्या आत
एक पहारेकरी बसलेला असतो,
दूध येईपर्यंत दार धरून.
पहारेकरी आहे म्हणजे त्याला फसवता येतं :
पचत नाही अशी खोटी साखर दाखवायची,
तो उठतो, दार उघडं.
आणि फसतो तो उचलूनही नेता येतो,
परक्या दारावर बसवता येतो.
नंतर तीन पहारेकरी एकमेकांच्या दारांवर बसवले,
आणि समुद्रापलीकडे कुठेतरी काचेखाली
एक जंतू काजव्यासारखा
लागू-विझू लागला.
आता तर अक्षरं टपालानं येतात,
नखाएवढ्या नळीत, तळाशी, दिसतसुद्धा नाहीत.
विशीतली मुलं बर्फाच्या डब्यात हात घालतात
आणि म्हणतात, आज काय बनवायचं?

मी त्यांना दोष देत नाही.
मीही तसाच हात घातलाय.
फक्त नळी उघडण्याआधी
मला कधीकधी ते सपाट आकडे आठवतात.

वही अजून आहे. पुठ्ठा निघालेला,
एका पानावर चिकोरीच्या कॉफीचं तपकिरी कडं.
साडेचारच्या ओळीशेजारी, समासात,
पेन्सिलीनं एक शब्द :
गॉर्तॉझ.
प्रयोगशाळेत कुणाला तो वाचता आला नाही.
कुणी तरी पुढे प्रश्नचिन्ह काढलं,
शाईनं.
तिच्या किनाऱ्यावरच्या बोलीत
होड्या परतायच्या असल्या की धक्क्यावरच्या बायका
तो म्हणतात.
वाट पाहणं.