दोन नंबरचा मिक्सर

शिरोलीच्या आमच्या फौंड्रीत
शंभरात चार पंप-बॉड्या बाद निघाल्या
तर त्याला आम्ही बरे दिवस म्हणतो.
श्रावणात चाराचे अकरा झाले.

पोकळ्या. वरून गुळगुळीत तुकडा,
मशीनशॉपात साल निघाली
की आत हरभऱ्याएवढी भोकं,
आणि गिऱ्हाइकाचा ट्रक माघारी.

मीटिंग झाली. मगदूम साहेब म्हणाले,
"सगळा बाद माल रातपाळीचा हाय.
लगमाण्णा लोखंड थंड ओततोय,
भट्टीपाशी डुलक्या काढतोय.
तीस वर्षं गेली माझी ह्यात,
भोक बघितलं की हात कुणाचा ते कळतंय."
माना हलल्या.
माझीही हलली, हे लिहायला हवं.
वाळूच्या लॅबमधली पोरगी, नोकरीला आठ महिने,
स्कूटीचे हप्ते चालू:
अशी मान आपोआप हलते.

सोमवारी लगमाण्णाचा हिशेब केला.
जाताना त्यानं हातमोजे खुंटीला अडकवले,
नीट, जोडीनं, उद्या यायचं असल्यासारखे.

नवा माणूस आला. अकराचे बारा झाले.
साहेब म्हणाले, नव्याचा हात बसायला वेळ लागतोय.
तेव्हा कुठं माझ्या डोक्यात आलं:
भोकं कमी झाली असती तर लगमाण्णा दोषी,
वाढली तरी लगमाण्णाच दोषी.
मग काय घडलं असतं
म्हणजे तो सुटला असता?

खडू घेतला.
प्रत्येक पेटीवर वेळ, ओतणाऱ्याचं नाव, मिक्सरचा नंबर;
पेटी फुटली की तोच आकडा तुकड्यावर रंगानं.
मोल्डर हसायचे,
"काय ओ म्याडम, पेट्यास्नी शाळंत घालताय व्हय?"

माझा संशय होता बेंटोनाइटच्या नव्या पोत्यांवर.
सहाव्या पानावर तो मेला.
वाईट वाटलं. मला तो आवडायचा.

नवव्या पानावर शनिवार.
एक नंबरच्या मिक्सरची मोटर जळालेली,
म्हणून दिवसपाळीनंही दोन नंबरचीच वाळू घेतली.
ओतायला साहेबांचा सख्खा पुतण्या, टक्क जागा,
लोखंड तापलेलं, पाच वेळा मोजलेलं.
शंभरात तेरा.

रात्री फक्त दोन नंबर फिरतो, लाइटबिल वाचावं म्हणून.
त्याच्या पाण्याच्या व्हॉल्वचा वायसर गेलेला;
थेंब थेंब पाणी वाळूत, रात्रभर.
आणि मी रोज ओलावा मोजत होते.
साडेतीन टक्के, साडेतीन टक्के, रजिस्टरभर माझी सही.
नमुना मात्र एक नंबरचा,
कारण लॅब सहाला बंद होते
आणि एक नंबर लॅबच्या दाराशी आहे.

वायसर चाळीस रुपयांचा.
साहेबांनी वही दोनदा चाळली, म्हणाले,
"नववं पान परत दाखव."
बराच वेळ बघत बसले. वाईट माणूस नाही तो.
पुढच्या मीटिंगला विषय सात होते,
लगमाण्णा त्यांत नव्हता.

मार्गशीर्षात वडणग्याच्या एका गुऱ्हाळावर सापडला,
चुलवाणात चिपाडं सारत.
मी वही उघडून सगळं सांगितलं.
त्यानं पानांकडं बघितलंच नाही.
"वायसर व्हय," म्हणाला,
आणि जाळ थोडा मागं ओढला.

काहिलीपाशी गुळव्या उभा,
चाळीस हंगाम केलेला म्हातारा.
रस उकळत वर आला तसं
त्यानं फावड्याच्या टोकावरचा थेंब
पाण्याच्या वाटीत सोडला, बोटांत वळला,
गोळी होते का बघितली. "अजून न्हाई."
जरा वेळानं पुन्हा थेंब, पुन्हा वाटी.

मी विचारलं, आजोबा, इतक्या वर्षांनी
नुसत्या रंगावरनं कळत नाही का?

"कळतंय की," तो म्हणाला,
"पर काहिलीला कुठं ठावं हाय
मी किती वर्सं करतोय ते?"
आणि वाटीतलं पाणी बदलायला गेला.