सूचक

थकबाकी नसल्याचा दाखला मिळाला,
शौचालय असल्याचाही.
खिडकीतल्या माणसाने विचारलं, वय?
तेवीस म्हटल्यावर चष्म्यावरून बघितलं त्याने,
जणू बसच्या पासची रांग सोडून
मी चुकून इथे उभी आहे.

कोपरखैरणे, माथाडी वसाहत.
बैठ्या घरावर चढवलेला एक मजला,
मजल्याला लोखंडी जिना,
जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर मी,
मांडीवर प्रतिज्ञापत्र.

जंगम मालमत्ता: कानातले, दोन ग्रॅम.
स्कूटी, अकरा हप्ते बाकी.
स्थावर: निरंक.
गुन्हे: निरंक.
आणि तक्रारींच्या नंबरांची वही
कुठल्या रकान्यात लिहू?
एकशे चाळीस तक्रारी, बावीस मिटल्या,
त्यातली एक दोनदा:
गटाराचं झाकण बसवलं, चोरीला गेलं,
पुन्हा बसवलं.

कल्पेश म्हणतो, गॉगल घालून फोटो दे,
चौकात बॅनर लावतो.
'भावी' लिहिलं की कोणी काही विचारत नाही.
शेवंताकाकी पाण्याचं बिल वाचून घ्यायला आल्या,
जाताना दारात थांबल्या:
निवडून आलीस तरी बिल वाचशील ना गं?

आई भांडी जरा जोरातच घासते.
आपल्यात मत देतात, मागत नाहीत, म्हणते.
शिवाय पाटणची माणसं रविवारी बघायला यायचीत,
त्यांना काय सांगू,
पोरगी गल्ल्यांतून हात जोडत फिरतेय?

अण्णा दुपारी मार्केटातून आले,
सदऱ्याच्या खिशात कांद्याची सालं.
कागद उलटासुलटा करून बघितला.
म्हणाले, गोणी उचलायच्या आधी हलवून बघतात,
वजन कुठं बसलंय ते कळतं.
मग आंघोळीला गेले.
आतून, पाण्याच्या आवाजावरून ओरडले,
आणि कुठं उतरवायची ते आधी विचारायचं!
उचलणारे पुष्कळ असतात.

शुक्रवारी तीनपर्यंत मुदत.

रात्री तहान लागून उठले.
ओट्यापाशी दिवा चालू होता.
अण्णा पेपरच्या कोऱ्या कडेला
आपली सही गिरवत होते.
पगारपत्रकापुरतीच येते त्यांना,
शेडगेमधला 'ड' दर वेळी खाली घसरतो,
पाच वेळा लिहिलं, पाचही वेळा घसरला.
अर्जावर सूचकाची सही लागते, हे त्यांना
कुणी सांगितलं कोण जाणे.

पाणी न पिताच परत फिरले.
अजून मी हो म्हटलेलं नाही.