एकशे ऐंशी घोडे

शॅपच्या चढाखाली, जुन्या ए-सिक्सला लागून
मॉरीन लोइसचं कॅफे. पत्र्याचं छप्पर, वाफेनं आंधळ्या काचा.
पंचेचाळीस मिनिटांची सक्तीची विश्रांती:
टॅकोग्राफला एवढंच कळतं की मी थांबलेय.
बीन्स, टोस्ट, आणि शेजारच्या टेबलावर
विल्फ थेक्स्टन, वय ब्याऐंशी,
काटेचमच्यांचा गिअरबॉक्स मांडून बसलेला.

"गार्डनर. सहा सिलिंडर, साडेदहा लिटर,
एकशे ऐंशी घोडे, वर एक शिंगरू नाही.
मागं बत्तीस टन. हा चढ लागला
की गाडी यायची आठ मैलांवर.
माणूस खाली उतरून, धार मारून,
चालत्या गाडीत परत चढायचा."
नॉर्मन गास्कर्थ म्हणतो, सहा मैल.
विल्फ म्हणतो, तुझी ॲटकिन्सन असेल सहा.
यावर चहा येतो.
यावर दुसरा चहा येतो.

हीटर नव्हता. कोटात कालचा पेपर कोंबायचा,
इंजिनाच्या झाकणावर पाय,
आणि डिझेल गोठलं की टाकीखाली
पेटत्या चिंध्या धरायच्या.
"डोळे मिटून?" मी विचारते.
"उघडे ठेवून," नॉर्मन म्हणतो, "मिटले ते गेले."

मार्चमध्ये विल्फची बायको वारली.
त्यावर तो दोन शब्द बोलला, तेही चमच्याकडे बघून.
मागच्या एक्सलच्या रेशोवर अर्धा तास.

मग मोटरसायकली निघाल्या.
सिरिलची बीएसए, चोपन्न सालची, सोनेरी टाकी.
"कार्ब्युरेटर ठीक होता," नॉर्मन म्हणतो,
"ब्रेकही. नंतर मी स्वतः सगळी उघडून पाहिली.
पुढचा फोर्क तेवढा..."
आणि हातानं हवेत एक बाक काढतो.
सगळे त्या बाकाकडे बघत राहतात.
काउंटरमागच्या फोटोत एक पोरगा, कानांवरून केस उडालेले.
खाली आडनाव: गास्कर्थ.

"तुमच्या घरी काय होतं?" मला.
येझदी. बाबांची. डाव्या अंगाला एकच दांडा,
किक मारायची, आत दाबून पुढं वळवायचा, तोच गिअर.
हसतात. असं कुठं असतं होय?
खिडकीपासून मिरोस्लाव, पाच वाजल्यापासून गप्प बसलेला स्लोवाक:
"असतं. माझ्या बापाची जावा."
उठून येतो, गिअरबॉक्समधला एक चमचा उचलतो.
ही किक. मनगट वळवतो. हा गिअर.
विल्फ चष्मा पुसून तो चमचा हातात घेतो,
उलटापालटा करतो,
आणि गाभाऱ्यात बोलावं तसं हळू म्हणतो,
"कुणाच्या डोक्यातून निघालं हे?"

मिरजेत बाबाही असेच.
मी बारावीला गटांगळी खाल्ली तेव्हा
अंगणात बोलावून मला प्लग दाखवला,
दोन टोकांमधली फट.
"एवढीच. जास्त नको, कमी नको."
ते काय सांगत होते
अजून मला नक्की ठाऊक नाही,
पण फट अजून डोळ्यांनी मोजता येते.

बाहेर वारा. विल्फ माझ्या मागून येतो,
डॅफच्या नाकाडावर तळवा ठेवतो,
ताप बघावा तसा.
"किती?"
पाचशे तीस.
"गिअर?"
बारा. आपले आपण पडतात.
तो बराच वेळ काही बोलत नाही.
"मग तू काय करतेस?"

केबिनमध्ये चढते. डावा पाय
नसलेला क्लच दाबतो, चार वर्षं झाली तरी.
आरशात विल्फ, रस्त्याच्या कडेला,
त्याचा डावा हात हवेत
माझी गाडी चालवतोय.
चढाच्या तोंडाशी त्यानं गिअर खाली घेतला.
कॉम्प्युटरनं त्यानंतर.