आजोळ

कारळगावची जीप साडेदहालाच आली.
नऊ माणसं, दोन फेटे, एक हार.
हार कोणाला घालायचा ते ठरलं नव्हतं,
म्हणून माझ्या टेबलावर ठेवला, पंख्याखाली.
"साहेबांची जन्मनोंद काढा, तोरसकर बाई.
साहेब आमच्या मातीतले."
माती म्हणाले, आणि बूट झटकले.

दुपारी दुसरे आले, उथळसरहून, चालत.
त्यांच्याकडे कमानीचं चित्र होतं:
वर साहेब, खाली नगरसेवक,
नगरसेवक थोडे मोठे.
"साहेब आमच्या गल्लीतले."

ठाणे महापालिकेत बावीस वर्षं
मी जन्म आणि मृत्यू एकाच कपाटात ठेवते.
लाल बासनाची गाठ सोडली.
एकोणतीस सालचं रजिस्टर,
वाळवीने कडेकडेने वाचलेलं.
मजकूर मोडी. मोडी मी शिकले चार शनिवार,
पाचवा सासूबाईंच्या डोळ्यांच्या ऑपरेशनला गेला,
म्हणून काही अक्षरं अजून फसवतात.

मुलगा. जिवंत.
बापाचं नाव. बापाची जात. बापाचा धंदा.
बापाचं गाव: कारळगाव.
फेट्यांनी टाळी वाजवली.
जन्माचं ठिकाण: ठाणे, तुरुंगशिपायांची चाळ, खोली सात.
उथळसरने टाळी वाजवली.
वर्दी देणार: बायजी सुईण.
डाव्या अंगठ्याची निशाणी.

आईचं नाव?
तो रकानाच नाही.

"खोली सात तिच्या वडिलांची असणार," मी म्हटलं.
"कोणाच्या?"
"पहिलटकरीण माहेरी आली असेल."
दोन्ही बाजू गप्प.
जणू मी साहेबांबद्दल काहीतरी वावगं बोलले.

डिंकाचे लाडू, शेगडी, बाळंतशेपा,
बाहेर तुरुंगाचे टोल,
आत बायजीचा तेलाचा हात.
साहेबांनी ठाणं पाहिलं ते एवढंच:
सव्वा महिना, पाळण्यातून, आढं.

पुढाऱ्यांची जन्मगावं आम्ही शाळेत घोकली.
नाव, आडवी रेघ, गाव. जोड्या लावा, पाच गुण.
बाईंनी सांगितलं नाही
की त्या आडव्या रेघेवरून
एक बाई बैलगाडीने आलेली असते, नववा सरत असताना,
आणि वडिलांच्या ओट्यावर टेकून
आधी पाणी मागते.
हा सगळा देश आजोळी जन्मला
आणि भाषणं वडिलांच्या गावाची करतो.

माझ्या दाखल्यावर आरोंदा आहे.
विहीर गोड्या पाण्याची, म्हणतात.
मी प्यायले असेन, बोंडल्याने.
नातीच्या दाखल्यावर घोडबंदर रोड,
हॉस्पिटल, तिसरा मजला.
आता सगळे पुढारी तिसऱ्या मजल्यावरच जन्मणार.
कमान काय लिफ्टला बांधायची?

मोठ्या फेट्याला मी चहा दिला.
"तुम्ही कुठले?"
"कारळगाव. सात पिढ्या."
"आणि जन्म?"
त्याने बशीत ओतला, फुंकला, परत कपात घातला.
"जन्म तसा... हिवरखोऱ्याचा."
"म्हणजे?"
"म्हणजे ज्यांच्याशी आमचा पाण्याचा खटला चाललाय, ते."
उथळसरवाले हसले. तो नाही हसला.
म्हणाला, "मामाने मला पोहायला शिकवलं, त्याच नदीत."
मग बराच वेळ काही म्हणाला नाही.

दोघांना दोन उतारे दिले, शिक्का मारून.
एकच मजकूर. दोघेही जिंकल्यासारखे गेले.
चाळ केव्हाच पडली, खोली सातवर
आता कोणाची तरी स्कूटर उभी असते.

शेऱ्याचा रकाना रिकामाच राहिला.
जागा होती, अधिकार नव्हता.

हार विसरून गेले.
बासन बांधताना वाटलं, ठेवावा
बायजीच्या त्या अंगठ्यावर,
शंभर वर्षं होत आली, रेघा अजून मोजता येतात.
पण फुलं ओली होती.
ओल्याने शाई फुटते.