दुसरा ब्रेक

गांगुर्डे सरांच्या गाडीला दोन ब्रेक आहेत.
एक माझ्या पायाखाली, एक त्यांच्या.
पाथर्डी फाट्यापासून द्वारकेपर्यंत
गाडी जिथे जिथे थांबली
तिथे ती नेमकी कोणी थांबवली
हे मला एकोणीस दिवसांत कळलेलं नाही.

सर सव्वीस वर्षांचे, मी चोपन्न.
ते मला काकू म्हणतात, मी त्यांना सर.
काकू, क्लच.
काकू, आरशात मागचं बघायचं, स्वतःला नाही.
काकू, तो रिक्षावाला बघणार नाही, तुम्ही बघा.
मोबाईलवर बोट फिरत असतं
तरी त्यांचा पाय जागा असतो,
तान्ह्या पोराच्या आईचा कान असतो तसा.

काल इंदिरानगरच्या बोगद्यात गाडी बंद पडली.
मागे द्राक्षांच्या क्रेट्सचा पिकअप,
त्यामागे शाळेची व्हॅन, त्यामागे अख्खं सिडको.
बोगद्यात हॉर्न दुप्पट होतात.
चावी फिरवली, गाडीनं उचकी दिली.
पुन्हा फिरवली, पुन्हा उचकी.
पिकअपवाला उतरला, काचेशी वाकला
आणि म्हणाला, ताई, आधी न्यूट्रल करा.
शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

घरी आले, चहा टाकला, जाहीर केलं: बास.
कुणी विचारलं नव्हतं तरी कारणं सांगितली.
रिक्षा आहेत. सिटी बस आहे.
मुलीनं फोनमध्ये टॅक्सीचं अ‍ॅप घालून दिलंय.
तीस वर्षं लॅबमध्ये लोकांच्या शिरा शोधल्या,
एका टोचणीत, लाईट गेलेली असतानासुद्धा,
हात कधी हलला नाही.
आता या वयात पायानं नापास कशाला व्हायचं?

ह्यांनी ऐकून घेतलं.
बशी चाचपून तिच्यावर कप ठेवला.
काचबिंदू. समोरचं दिसतं, कडेचं मिटत चाललंय.
दिवाळीत डॉक्टर म्हणाले, गाडी बंद.
लायसन्स मात्र अजून तीन वर्षं चालेल.
कागदाला काचबिंदू होत नाही.

आज साडेपाचलाच जाग आली.
लर्निंगची मुदत बारा तारखेला संपते. आज चार.
खाली गेले ते बॅटरी उतरू नये एवढ्यासाठी.
कव्हर ओढलं, टपावरचं मांजर नाराज होऊन गेलं.
डावीकडचं दार उघडून मॅट झटकायला घेतली
तर उजव्या टाचेच्या जागी
रुपयाएवढं भोक.

ही माझी जागा. अकरा वर्षांची.
चांदवडचा घाट, वणीची वळणं,
द्वारकेला अंगावर येणारा एकेक ट्रक,
हे चालवत होते आणि मी दाबत होते,
दात आवळून, सगळा जोर लावून,
कशालाच न जोडलेला ब्रेक.

मॅट परत टाकली तेवढ्यात हे आले,
पायात स्लीपर, सदऱ्याच्या खिशात लायसन्स.
बॅटरीच ना? म्हणाले.
बॅटरीच, म्हणाले मी.
आणि ते डावीकडे बसले.
नवसू वॉचमननं, त्याला कुणी काही सांगितलं नसताना,
गेट उघडलं.

आमच्या सोसायटीत गाडी वळवायला जागा नाही
आणि रिव्हर्स मला अजून येत नाही.
गेटबाहेर नाक काढलं
की परत यायला सगळा फेरा,
वडाळ्याकडून, भाजीच्या टेम्पोंमधून.

पहिला गिअर. उचकी.
न्यूट्रल. पुन्हा.
आरसा, म्हणाले हे. त्यांना तो दिसत नव्हता.

नऊ वाजता गांगुर्डे सरांना फोन करायचाय,
काय सांगायचं ते ठरलेलं नाही.
पहिल्या वळणावर एक सायकल आडवी आली
आणि शेजारून आवाज आला,
स्लीपरचा, मॅटवर,
बहुतेक त्याच भोकावर.