सावलीचं माप

मे संपत आला की आमच्या चोपड्यात
दुपारी कुत्रंसुद्धा गटारीतून उठत नाही.
अशा वेळी सुनकी पावरा दुकानात आली,
आश्रमशाळेची, आठवीतली, पायात भावाच्या मोठ्या चपला.
"मास्तर, टेप द्या. सावली मोजायचीय."
"मोजून काय शिवायचं तिचं?" मी हसलो.
ती नाही हसली.
"बारा सव्वीसला संपणार आहे ती."

टेप एकटी कुणाला देत नाही मी.
शटर अर्धं ओढून गेलो मागोमाग.

जुन्या जिनिंगच्या पटांगणात दहा-बारा पोरं,
पीव्हीसीचा पाइप, एक मीटर कापून उभा केलेला,
रज्जाक मिस्तरी ओळंबा धरून, एक डोळा मिटून,
आणि हिलाल अप्पा, वीज मंडळातले जुने लाइनमन,
ज्यांनी फंडाच्या पैशातून दुर्बीण घेतली
आणि घरात अजून तिच्यावरून बोलणी खातात.
यांच्या विज्ञान मंडळाला पावतीपुस्तक आहे, शिक्का आहे,
खुर्च्या मात्र मंडपवाल्याच्या, संध्याकाळी परत.

अकरा पंचावन्न. तेरा सेंटीमीटर.
अप्पांच्या कागदावर: बारा पूर्णांक सात.
"पाइप कलला," अप्पा म्हणाले.
"माझा ओळंबा मशिदीच्या मिनारालाही चालला," रज्जाक म्हणाला,
आणि पाच मिनिटं विज्ञान थांबलं.

बारा दहा. पावणेसात.
सुनकी लिहिते, घाम आकड्यांवर पडतो.
कापड धुतल्यावर आटतं, ते मी धरूनच चालतो,
पण उन्हात आटणारं काही
पहिल्यांदाच मापत होतो.

डोक्याला ओलं फडकं बांधलेला एक केळीवाला
फटफटी थांबवून बघत राहिला.
"भो, ज्याले सावली नही, ते भूत ऱ्हास."
"मंग आज अख्खं चोपडं भूत!"
एका पोराने लगेच पाय उलटे करून चालून दाखवलं.

बारा सव्वीस.
पाइप होता. ऊन होतं.
जमिनीवर काही नव्हतं.
बाटलीवर ठेवलेली बांगडी
आपल्याच गोल रेघेवर बरोबर बसलेली.
"कोठे गयी?"
"पायखाले शे."

तेव्हा हिलाल अप्पा बोलले, कुणाकडे न बघता.
"आमच्या आज्याची सावली शिवायची लोकांना.
आजी म्हणायची, विहिरीकडून जायचं तर भर दुपारी जा,
आखूड असते तेव्हा."
मग जरा थांबून,
"म्हणजे तिला हे येत होतं. कुणी न शिकवता."

चाळीस वर्षं मी शिवतोय.
दिवसातून शंभरदा तोंडात येणारा शब्द,
त्याचं हे दुसरं टोक
त्या दुपारी बोटात रुतलं.
रज्जाकने ओळंबा गुंडाळला, परत सोडला.
केळीवाल्याने किक मारली नाही.

"निघाली!" सुनकी ओरडली.
पाइपच्या पूर्वेला, नखाच्या काळ्या कडेएवढी.
"मास्तर, टेप!"
मी गुडघे टेकले. फुफाटा भाजत होता.

तिसऱ्या दिवशी ती पुन्हा दुकानात,
हातात शाळेची लाकडी पट्टी.
टेप टेबलावर पसरली, पट्टी शेजारी लावली.
"पाइप सरळ होता. तुमची टेप पुढून झिजलीय.
तीन मिलिमीटर."
इस्त्रीखालचा सदरा तसाच राहिला.
किती वर्षं? कुणास ठाऊक.
गावातले नवरदेव, पुढारी, दोन फौजदार,
सगळे तीन मिलिमीटर ढगळ.

नवी टेप घेतली मी.
जुनी त्यांच्या मंडळाच्या खोक्यात आहे,
भिंगं, लोहचुंबक आणि रज्जाकच्या जुन्या ओळंब्याशेजारी.
तिला दोऱ्याने बांधलेली सुनकीची चिठ्ठी:
"शून्य झिजलेलं आहे.
प्रत्येक मापातून ०.३ वजा करणे."