खुंटीवर एकही कोट नव्हता

डलूथच्या वाचनालयाचं तळघर. आम्ही चौदा जण,
गळ्यात नावाच्या पट्ट्या, समोर कागदी पेल्यांत कॉफी.
वर रस्त्यावर उणे एकोणीस.
सरोवर गोठलेलं, बोटी मार्च संपेपर्यंत बंद.
मार्व्हल लिंडक्विस्ट, एकतीस वर्षं याच कामात,
फळ्यावर एकच शब्द लिहिते, कायम,
आणि पेनाला टोपण लावते.

दर सुट्टीनंतर ती आमच्या जागा बदलते.
न विचारता.
परत यावं तर खुर्चीवर दुसऱ्याचं नाव,
आपली वही पार रेडिएटरजवळ,
उरलेली कॉफी कुणीतरी ओतून दिलेली.
पहिल्यांदा आम्ही हसलो.
दुसऱ्यांदा रसेल टोइवोनेननं विचारलं, हे किती वेळ चालणार?
मला माहीत नाही, मार्व्हल म्हणाली,
वरच्यांना विचारून सांगते.

हे वाक्य माझं आहे.
ऑरिनला गाडीत मागच्या सीटवर बसवून
मी ते चार वेळा बोललेय,
आरशात न बघता.

चौथ्या सुट्टीनंतर तिनं नुसतं भिंतीकडे बोट दाखवलं.
खुंट्यांवर एकही कोट नव्हता.
चौदा मोठी माणसं
तापलेल्या खोलीत कोट घालून बसलो होतो,
मांडीवर पिशव्या धरून.
साडेतीन तास, ती म्हणाली. फक्त.

दुपारी कायदा.
बावीस महिन्यांतले पंधरा मूल बाहेर राहिलं
की आईचं आईपण कोर्टात तोलायला ठेवायचं.
तोवर दोन योजना, शेजारी शेजारी :
एका रकान्यात आईकडे परत,
दुसऱ्यात दत्तक.
दोन्ही मनापासून करा, असं पुस्तिकेत छापलंय.
त्या मनापासूनवर मी पेन टेकवून ठेवलं
शाई पसरेपर्यंत.

ऑरिन, वय नऊ. घर सहावं.
रात्री उठला की त्याचा हात भिंतीवर भलत्याच उंचीवर जातो,
जिथं मागच्या घरात दिव्याचं बटण होतं,
किंवा त्याच्याही मागच्या.
जेराल्डिन कोव्हाचनं पहिल्या रात्री ऐकलं ते,
तळहात भिंतीवरून सरकण्याचा आवाज.
काही बोलली नाही.
नवऱ्याच्या जुन्या हत्यारपेटीतून सँडपेपर काढला,
पट्ट्या कापल्या, आणि बिछान्यापासून बटणापर्यंत
चिकटवली एक खरखरीत ओळ,
अंधारात वाचता येईल अशी.

आणि शॉना, त्याची आई.
दर गुरुवारी दोन बस बदलून येते.
एकशे सव्वीस दिवस झाले, थेंब नाही.
भेटीच्या खोलीत खिशातून संत्रं काढते आणि सोलत राहते,
साल तुटू न देता,
तेवढा वेळ दोघंही श्वास धरून.
मागच्या गुरुवारी निघताना म्हणाली,
नव्या खोलीत बटण दाराच्या डावीकडे आहे.
त्याला सांगाल?

सुनावणी नऊ एप्रिलला.
फॉर्मवर सध्याचा पत्ता मी भरलाय.
कायमचा पत्ता,
तिथं एक ठिपका आहे. माझ्या पेनाचा.

काल संध्याकाळी जेराल्डिनकडे गेले.
ऑरिन जिन्यावरून अंधारातच खाली आला
आणि दिवा लावला, भिंत न चाचपता.
कोट खुंटीवर होता.
बूट मात्र पायात.
जेराल्डिननं माझ्याकडे पाहिलं, मग ओट्याकडे वळली,
उगाच एक स्वच्छ बशी पुसत राहिली.

मी सांगितलं त्याला. आईकडे, डावीकडे.
तो काही बोलला नाही, टीव्ही बघत राहिला.
जाहिराती लागल्या तेव्हा
त्याचा डावा हात सोफ्यावरून हळूच उचलला गेला
आणि त्यानं हवेतच
एक बटण लावून पाहिलं.